कय्यूमचाचांची राखनगरी

शहराचा पार सत्यानाश झालेला आहे, हातात भरलेली बंदूक आहे, मागे चार मारेकरी लागले आहेत, आणि अशा वेळी चौकातला लाल सिग्नल पाहून जो माणूस थांबतो त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्यांना कय्यूमचाचा म्हणते, कारण ते आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात आणि वयानं मोठे आहेत. वय आड आलं नसतं तर बरंच काही म्हटलं असतं.

"चाचा, पळा!" मी त्या दिवशी खुर्चीतून अर्धी उठून ओरडले होते.

"लाल हाय ना मॅडम."

"अहो, तो सिग्नल बिघडलाय! सगळं शहर जळून गेलंय. तो जन्मात हिरवा होणार नाही."

"बिघडला हाय हे तुमाले कोणी सांगतलं?"

एवढ्यात मागून गोळ्या आल्या, टीव्हीचा पडदा लालभडक झाला आणि चाचा मेले. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, गमछ्यानं पुसला, पुन्हा नाकावर ठेवला.

"मेलो," ते म्हणाले, "पण चलान नाई फाटलं."

हा मनुष्य एसटीत ड्रायव्हर होता. उभी हयात त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर काढली. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून आर्णी, आणि शेवटची काही वर्षं पार ढाणकीपर्यंतची लांबची गाडी. निवृत्त झाले तेव्हा अंगावरचा खाकी शर्ट उतरला, पण आतला ड्रायव्हर काही खाली उतरला नाही. चाचांना नाक्यावरून दूध आणायचं असलं तरी आधी स्कूटरभोवती एक प्रदक्षिणा होते. दोन्ही टायरांना लाथ मारून पाहतात. फाटकातून निघताना हॉर्न देतात. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तरी देतात. एकदा आमच्या गाडीतून यवतमाळला आले होते. गाडी माझा नवरा प्रमोद चालवत होता, चाचा शेजारी बसलेले. उतरताना पाय चोळत म्हणाले, "पिंढऱ्या दुखून राह्यल्या बावा. लय ब्रेक मारा लागले."

जगातली प्रत्येक गोष्ट ते गाडीच्या भाषेत सांगतात. कोणाचं लग्न जमलं तर "त्याची गाडी फलाटावर लागली." परीक्षेत पोरगा नापास झाला तर "रिटर्न आला." त्यांची बायको, झुबेदाचाची, दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात गेली. मी धावत गेले, तेव्हा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "झुबेदाची गाडी सुटली मॅडम." त्याच्या पुढे त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतरही नाही. मुलगी शाहीन नागपूरला. ती न्यायला आली होती. "ड्युटी हाय इथं," असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. ड्युटी कसली, ते कोणी विचारलं नाही.

मग मागच्या ईदला जावयानं स्वतःची जुनी गेमची पेटी आणून चाचांच्या टीव्हीला जोडून दिली. "अब्बू, टाइमपास होईल," म्हणाला. त्या भल्या माणसानं सासऱ्याचा विचार करून बस चालवण्याचा खेळ टाकून दिला होता. चाचांनी तो एकदाच खेळून पाहिला आणि इतके संतापले की पेटीच फेकून देतील असं वाटलं.

"क्लच नाई! गिअर नाई! पॅसेंजर नुसते पुतळे. एक बाई सुट्टे पैसे नाई म्हणत नाई की एक म्हातारा खिडकी लागत नाई म्हणून बोंबलत नाई. हे काय बस हाय?"

म्हणून त्यांनी पेटीतला दुसरा खेळ उघडला. आणि तिथून माझे भोग सुरू झाले.

त्या खेळाचं इंग्रजी नाव राखेशी संबंधित काहीतरी आहे. चाचा त्याला राखनगरी म्हणतात. पुढे कधीतरी येणाऱ्या काळातलं एक शहर. त्याची हवा विषारी झालेली. एका कंपनीनं तिथली हवा आपल्या ताब्यात घेतली आहे आणि ती रेशनसारखी वाटते. लोक नाकाला नळ्या लावून, भिंतीच्या कडेकडेनं फिरतात. आपण त्यातले एक. आपल्याला नाव नाही, चेहरा नाही. पडद्यावर आपले फक्त दोन हात दिसतात आणि त्यात बंदूक. कानात वायरलेसवर एक पोरगी सारखी बोलत असते, डावीकडे वळ, खाली वाक, जपून जा. तिचं इंग्रजी नाव चाचांना जमेना म्हणून त्यांनी तिची मीरा करून टाकली. मीरानं सांगावं, आपण गोळ्या चुकवत पुढे जावं, आणि शेवटी उंच मनोऱ्यावर चढून कंपनीचं खरं रूप शहराला सांगावं, अशी ती एकूण गोष्ट.

आणि ही गोष्ट अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. मी शाळेत इंग्रजी शिकवते. पुढचं सांगायची गरज आहे का?

पहिल्या दिवशी चाचा भिंतीपलीकडून ओरडले, "मॅडम, एक मिनिट येऊन जा बरं. हा काय म्हणून राह्यला?" मी गेले. वाटलं, मिनिटाचंच काम आहे. त्या मिनिटाला आता वर्ष होत आलं. संध्याकाळी मी शाळेतून येते, हातपाय धुते, चहाचा कप तोंडाला लावते, तोच फाटकाबाहेर स्कूटरचा हॉर्न वाजतो. स्कूटर जागची हलत नाही, नुसता हॉर्न. म्हणजे गाडी सुटायची वेळ झाली.

"जा, तुझी ड्युटी लागली," प्रमोद म्हणतो आणि माझा उरलेला चहा पितो.

बसण्याची व्यवस्थाही ठरलेली. चाचा टीव्हीसमोर स्टुलावर, पाठ ताठ. माझी खुर्ची त्यांच्या मागे, डाव्या हाताला. मी शेजारी बसून पाहिलं. चालत नाही. "तिथं कोणी बसलं की मले आरशात दिसत नाई," म्हणाले. कुठला आरसा, देव जाणे. तर मी वर्षभर एका माणसाच्या टकलाला गोष्ट सांगते आहे.

बरं, खेळायची पद्धत तरी धड असावी. समोर शत्रू उभा आहे, त्याला अजून आपण दिसलेलो नाही. कोणीही शहाणा माणूस गुपचूप गोळी घालील. चाचा आधी एक गोळी हवेत झाडतात.

"हे काय केलंत?"

"हॉर्न दिला. न सांगता अंगावर जाव काय कोणाच्या?"

हॉर्न ऐकून अख्खी पलटण धावून येते. मग मरणं. मग पुन्हा पहिल्यापासून.

कोणाच्या घरात शिरायचं झालं तर दाराशी थांबतात. दार अर्धं जळालेलं, आत कोणी जिवंत नाही, छप्पर उडालेलं, तरी थांबतात. आत गेले की सरळ स्वयंपाकघरात. गोळ्या, औषधं, हवेच्या नळ्या असतात दुसऱ्याच खोलीत. पण चाचांना चूल पाहायची असते. "पाहा मॅडम, भाताचा गंज अजून शेगडीवरच हाय. जेवाले बसले असतीन अन् तसेच पळाले." कपाटात खाण्याचा डबा सापडतो. तो घेतला तर आपली ताकद वाढते, मी हजारदा सांगितलं. ते घेत नाहीत. "लोकाचं घर हाय." आणि वाटेत जितकी प्रेतं लागतात तितक्यांपाशी थांबून तोंडातल्या तोंडात दुवा म्हणतात. त्यातली निम्मी स्वतःच मारलेली असतात. एक गल्ली पार करायला आम्हाला आठवडा लागतो.

भाषांतरातही सुटका नाही. मी पाठांतर ऐकणारी बाई. पण चाचा माझ्यापेक्षा कडक मास्तर निघाले. एकदा कंपनीचा मोठा साहेब भोंग्यावरून लांबलचक बोलला. मी दमलेली होते. म्हटलं, "तो म्हणतो, सगळं ठीक आहे."

चाचांनी खेळ थांबवला. "तो येवढा बोलला अन् तुमी दोनच शब्द सांगतले? बाकीचं पॅसेंजर कुठी उतरवलं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. नागरिकहो, हवा मुबलक आहे, ज्यांना धाप लागते त्यांनी कमी श्वास घ्यावा, अफवा पसरवू नये, कंपनी आपलीच आहे. चाचा इतके हसले की स्टूल डुगडुगलं. "आपल्या गल्लीत नळ नाई आला, तवा बी एकजण असाच सांगून गेलता. पाणी मुबलक हाय, तुमचीच बालटी लहान हाय."

एका संध्याकाळी मी वैतागून विचारलंच. परीक्षेचे पेपर तपासायचे बाकी होते आणि मी तिथे बसून एका मुडद्याच्या खिशातल्या ओळखपत्रावरचं इंग्रजी वाचत होते.

"चाचा, तुम्हाला यात मिळतं तरी काय? राख, भूक, गोळीबार. निवृत्त माणसानं जरा बरं काहीतरी पाहावं. कव्वाली ऐकावी. बागेत जाऊन बसावं."

"बागेत बसलो व्हतो. लोकं बीपीच्या गोळ्याईचं बोलतात." त्यांनी बंदूक खाली केली, म्हणजे पडद्यावरचे दोन हात खाली गेले. "मॅडम, ड्रायव्हरले जिंदगीभर काय दिसते? समोरचा रस्ता अन् आपले दोन हात. बस्. आपलं तोंड आपल्याले दिसत नाई. अन् मांगून आवाज येत राह्यते. कोणी भांडते, कोणाचं लेकरू रडते, कंडक्टर ओरडते. आपल्याले मांगं पाहाचं नाई, पण माहीत असते, गाडी भरेल हाय. याच्यात बी तसंच हाय. दोन हात, रस्ता, अन् कानात ते मीरा."

"ते ठीक. पण इतकं उजाड शहर कशाला? दुसरे छान खेळ असतील की."

"उजाड हाय म्हणूनच तं!" ते एकदम वळले असते, पण गाडी चालू असताना ड्रायव्हर वळत नाही, म्हणून टीव्हीकडेच तोंड करून बोलले. "तिथं सगळ्याईले माहीत हाय का सगळं बिघडलं हाय. इथं बिघडते अन् कोणी कबूलच नाई करत. अन् पाहा, येवढं बिघडून बी एखादी बुढी दार उघडते, म्हणते ये बाबा, आत ये. चांगल्या गावात कोणी दार उघडलं तं त्याचं काय कौतुक?"

 मला राग आला, कारण पेपर तसेच पडले होते.

ती बुढी खरंच होती खेळात. खेळ निम्म्याहून पुढे गेल्यावर ती येते. सगळे शिपाई आपल्या मागावर असतात आणि एक म्हातारी आपल्याला घरात घेते, जमिनीखालच्या खोलीत लपवते, वाटीभर पेज देते. स्वतःची हवेची नळी काढून आपल्याला लावते. चाचांनी पेज घेतली. दुसऱ्याच्या घरातलं त्यांनी घेतलेलं ते पहिलं अन्न. "आता कोणी हातानं देऊन राह्यलं, नाई कसं म्हणाव?"

मग ते फाटक आलं, आणि आमची गाडी तिथे रुतली ती रुतलीच.

गोष्ट अशी आहे: शहराबाहेर जायला एक ट्रक मिळतो. स्टेअरिंगवर आपण. चाचांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण मान दोन इंच उंच झाली. ट्रक शहराच्या वेशीशी येतो. लोखंडी फाटक वरून खाली सरकू लागतं. म्हातारी मागून येते आहे, पण तिला पळवत नाही. ती पडते. आणि ओरडून सांगते, "लीव्ह मी! गो!"

"काय म्हणून राह्यली?"

"लीव्ह मी."

"सुट्टी मांगून राह्यली काय?" एसटीत जन्म गेलेल्या माणसाला लीव्ह म्हणजे रजेचा अर्ज.

"नाही हो. मला सोडा, तुम्ही जा, असं म्हणते."

चाचांनी ब्रेक दाबला, खाली उतरले, मागे धावले. फाटक धाडकन बंद झालं. शिपाई आले. मेलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्यांनी ट्रक आडवा लावून फाटक अडवायचा प्रयत्न केला. ट्रक उलटा चालवत म्हातारीपर्यंत नेला. तिच्याशेजारी उभं राहून जावयानं शिकवलेलं खेळाच्या रिमोटवरचं एकेक बटण दाबून पाहिलं, एखाद्यानं तरी तिला उचलता येईल म्हणून. आधीच तिच्या घरी जाऊन तिला लवकर निघायला लावता येतं का, ते पाहायला मागे गेले. म्हातारी काही ट्रकमध्ये चढेना.

"चाचा, ती मरणारच आहे," मी शेवटी म्हटलं. "गोष्टच तशी लिहिलेली आहे."

"कोणी लिहली?"

"ज्यांनी खेळ केला त्यांनी."

"त्यायले फोन लागते काय?"

"चाचा!"

"पॅसेंजर खाली असताना गाडी हालत नाई मॅडम. मले जमत नाई."

महिना गेला. रोज संध्याकाळी हॉर्न, रोज ते फाटक, रोज ती म्हातारी, आणि रोज चाचांचा तोच प्रश्न, "काय म्हणते?" जणू काल तिनं वेगळं काही सांगितलं होतं. मी रोज सांगायची, मला सोडा, तुम्ही जा. वर्गात एकदा क्रियापदाचं उदाहरण द्यायला गेले तर तोंडातून "लीव्ह मी" निघालं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आजच जाऊ का?" शेवटच्या तासाला सगळा वर्ग उठायच्या तयारीत होता.

घरी आले ती चिडूनच. प्रमोदला म्हटलं, आता मला काही दिवस माहेरी पाठव.

प्रमोदनं आपल्या ऑफिसातल्या एका जाणकाराला विचारलं. उत्तर इतकं सोपं होतं की मला रडू आलं. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा निवडली की खाली हिंदीत पट्टी येते. सगळी वाक्यं हिंदीत. वर्षभर! वर्षभर मी एका टकलाशी बोलत होते, आणि इलाज बटणभर अंतरावर होता.

मी तशीच गेले, हॉर्नची वाटही पाहिली नाही. भाषा बदलून दिली. चाचांनी खालची पट्टी बोट ठेवून मोठ्यानं वाचली. हिंदी त्यांना छान वाचता येतं.

"आता तुम्हाला माझी गरज नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच आनंदी होता.

"वा," चाचा म्हणाले. "सुटली तुमची ड्युटी."

त्या संध्याकाळी मी पूर्ण कप चहा प्यायले. दुसऱ्या दिवशीही. पेपर तपासून झाले. फ्रीज पुसला. साडीला फॉल लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी काय करावं ते सुचेना, म्हणून दाराशी उभी राहिले. हॉर्न वाजला नव्हता. भिंतीपलीकडून खेळाचा आवाज मात्र येत होता. फाटकाचा कर्र आवाज, मग म्हातारीचा. लीव्ह मी, गो. मग गोळ्या. मग शांतता. मग पुन्हा फाटक.

अजून तिथेच? मला राहवेना. वाटीत थोडी चटणी घेतली, कारण काही कारण हवं, आणि गेले.

चाचा स्टुलावर होते, मागची माझी खुर्ची तशीच रिकामी. मी पडद्याकडे पाहिलं. खालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं होती.

"हिंदी कुठे गेलं?"

"आपोआप गेलं."

"आपोआप जात नाही चाचा. जावई आला होता का?"

"नाई."

मी सेटिंग उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी खेळाचा रिमोट छातीशी धरला. लहान पोरासारखा. मग म्हणाले, "मीच काढलं."

"का? वाचता येत नव्हतं?"

"येते ना वाचता." त्यांनी रिमोट खाली घेतला. "इंग्रजी बी समजते थोडंसं. रोज तेच तेच असते. 'लीव्ह मी, गो' कोणाले नाई समजत मॅडम?"

मी चटणीची वाटी टीव्हीशेजारी आपटली. "मग रोज मला का विचारत होता? काय म्हणते, काय म्हणते, काय म्हणते! माझे पेपर पडलेले, चहा गार होतोय, घरी भाजी करपतेय, आणि तुम्हाला सगळं समजत होतं?"

"मी इचारतो, तुमी सांगता."

"चिडून सांगते मी!"

"हो," चाचा म्हणाले. "चिडूनच सांगता."

आणि वर्षभरात पहिल्यांदा, खेळ चालू असताना, त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

"झुबेदा बी चिडूनच सांगे. काही इचारलं तं कधी सरळ उत्तर नाई. 'दिसत नाई काय, डोळे फुटले काय, समोर तं हाय.' जिंदगीभर. पण इचारलं अन् उत्तर नाई आलं, असं एक दिवस नाई झालं. ती गेली तवापासून सगळे लय गोड बोलतात माह्यासंगं. शाहीन फोनवर येवढी हळू बोलते, जसं मले कुठी लागलं हाय. मोहल्ल्यातले लोकं बी. चाचा जेवले काय, चाचा बरे हा काय. कोणी चिडतच नाई. चिडाले बी आपलं माणूस लागते ना मॅडम."

मला इंग्रजी येतं, मराठीही येते, वर्‍हाडी तर आईच्या दुधातून आलेली. त्या वेळी तिन्ही भाषांतले फक्त गोड शब्दच आठवत होते. रडावंसं वाटलं, पण रडून गोड बोलले असते, तर तो माणूस माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलला नसता.

मी माझ्या खुर्चीत बसले.

"पुरे झालं," मी म्हटलं. "समोर पाहा. फाटक खाली येतंय. आता मेलात तर मी पुन्हा सांगत बसणार नाही. मला घरी ढीगभर कामं आहेत."

चाचांची मान ताठ झाली. ट्रक वेशीशी आला. मागून ती म्हातारी, धापा टाकत. ती पडली. ओरडली.

"काय म्हणते?" चाचांनी विचारलं.

"ती म्हणते, तुम्ही जा आता. इथे घोटाळू नका."

ट्रक तसाच उभा. फाटक अर्ध्यावर आलेलं.

"नाराज हून म्हणते काय?"

मी पडद्यावरच्या म्हातारीकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा कोणी कुठल्या देशात बसून काढला असेल, मला माहीत नाही. कदाचित ती घाबरलेली असेल. कदाचित रडत असेल.

"नाही," मी म्हटलं. "चिडून म्हणते."



"मंग ठीक हाय," चाचा म्हणाले, आणि ट्रक पुढे घेतला. फाटक आमच्या मागे बंद झालं. वेशीबाहेर मी कधी न पाहिलेला रस्ता होता, लांबच लांब, दोन्ही बाजूंना राखेचं माळरान आणि टोकाला जरासा उजेड.

चाचांनी ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा केला. चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही. रिमोट स्टुलावर ठेवला.

"चा ठेवतो," म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता आत गेले.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग नळाचा. नळ बराच वेळ चालू राहिला. चहाला इतकं पाणी लागत नाही. मी उठले नाही. बाहेर गल्लीत कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागत नव्हती. पडद्यावर ट्रक एकटाच उभा होता, आणि आपण काही करत नाही हे पाहून वायरलेसवरची मीरा काळजीत पडली होती. तू आहेस का तिथे? काहीतरी बोल. आहेस ना? इंग्रजीत, पुन्हा पुन्हा, तेच तेच.

मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं.

"आहेत गं!" मी पडद्यावर खेकसले. "चहा टाकून राह्यले. जरा दम धर."